बारा वर्षांचं शेण

"वाच गं शालन, मोठ्यानं वाच," मामा म्हणाले, आणि मी डोक्यावरचा पदर सारखा करून सोप्याच्या उंबऱ्याआतच बसले.

सोप्यात घोंगड्यावर दिनकर मगदूम बसला होता. दूध संस्थेचा चेअरमन तोच आणि गावात नव्यानं झालेल्या गोबरगॅसच्या प्लांटचा चेअरमनही तोच. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते बघायचं असेल तर त्याला बघावं. मामा म्हणजे माझे सासरे, केरबा चौगले. सहीपुरतं लिहायला शिकलेले. आमचे हे पलटणीत, पंजाबात. म्हणजे घरात वाचता येणारी मी एकटी, दहावी पास, लग्नाला चार वर्षं झालेली. आज साठीला आले, पण त्या कागदातलं अक्षर अन् अक्षर मला पाठ आहे.

वाचलं. प्लांटमधून घराघरात पाईप येणार, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास गॅस मिळणार, आणि त्याच्या बदल्यात घरानं रोज शेण घालायचं. करार दोन तऱ्हेचे. पहिला गुढीपाडव्यापर्यंतचा, रोज चार पाट्या, पाडव्याला करार संपला, पुढं घ्यायचा की नाही ते घराच्या मर्जीवर आणि दर तेव्हा ठरेल तो. दुसरा बारा वर्षांचा, रोज तीनच पाट्या, बारा वर्षं दर वाढणार नाही. शेण कमी पडेल त्या दिवशी गॅस बंद. बारा वर्षांचा करार मधेच मोडला तर पाईप आणि शेगडी परत, आणि त्या घराचं दूध संस्था घेणार नाही.

"आता सांग केरबाआण्णा," चेअरमन म्हणाला, "चार पाट्या बऱ्या का तीन? येड्यालाबी कळंल."

दिवस श्रावणाचे. गोठ्यात दोन म्हशी, एक गाय आणि बैलजोडी. हिरवा चारा मुबलक, शेण रोज सहा-सात पाट्या पडत होतं. सोप्यात शेजारपाजारचे चौघे-पाच बापये बसले होते, सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकानंही जन्मात शेणाची पाटी उचलली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे.

माझ्या मागून, माजघराच्या अंधारातून, आत्तींचा आवाज आला. "आन् उन्हाळ्यात वं?"

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, आनसाबाई. चेअरमननं चहाची बशी तोंडाला लावली.

"उन्हाळ्यात जनावरं दिवसभर माळाला असत्यात," आत्ती म्हणाल्या. "निम्मं शेण माळावर पडतंय. घरात कडबा खाऊन दोन पाट्या पडल्या तर पडल्या. तीन कुठनं घालायच्या?"

"तू गप की जरा," मामा म्हणाले. "मोठी माणसं बोलत्यात."

मोठी माणसं. आमच्या भागात एक रीत होती, कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण दगडावरची रेघ. दूध बाप्याचं, शेण बाईचं. दुधाचा हिशेब संस्थेत बाप्याच्या नावावर, आणि शेणाच्या शेणी थापून वाळवून विकायच्या आणि त्यातलं जे येईल ते बाईच्या हातात. माझ्या पहिल्या बाळंतपणातलं तूप आत्तींनी शेणीतनं केलं होतं. घरातलं मीठ-मिरची, लेकीची चोळी, देवळातला नारळ, सगळं शेणीतनं. आणि इथं सोप्यात बसून हे सहा-सात बापये दुसऱ्याच्या मालाचा बारा वर्षांचा सौदा करत होते, आणि मालकीण मागं अंधारात उभी.

आत्तींनी मला आणखी चहाच्या निमित्तानं आत बोलावलं. चुलीत ओल्या काटक्या होत्या, धुरानं माझे डोळे चुरचुरत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"लिवणार तू हाईस न्हवं? पाडवा लिव."

"पण चार पाट्या आत्ती."

"जाऊ देत चार. पावसाळ्यात ढीगभर असतंय, चार गेल्या तरी दोन उरत्यात. पाडव्याला मोकळं. उन्हाळ्याचं शेण आपलं. उन्हाळ्यातच शेणी वाळत्यात गं, पावसाळ्यात का कुणी शेणी थापतंय?" त्या घरामागच्या परड्याकडं बघून म्हणाल्या, "माझी हुडवी अजून निम्मीच हाय."

ते सांगायला हवं. गावाकडं आमच्यात माणूस शेणींवर जाळतात. एका माणसाला पाच-सहाशे शेणी लागतात. म्हाताऱ्या बायका हात चालतोय तोवर आपापल्या शेणी बाजूला काढून ठेवतात. कुणापुढं हात पसरायला नको, म्हणतात. विकायच्या शेणींचा मोठा हुडवा, म्हणजे रचून लिंपलेला ढीग, परड्यात एका अंगाला, आणि कोपऱ्यात आत्तींची ही लहान हुडवी, वरून शेणानं लिंपलेली, चुन्याची फुली मारलेली. तिला कुणी हात लावायचा नाही. आत्तींच्या शेणी ओळखूही यायच्या. उजव्या हाताची करंगळी कडबा तोडताना कोयत्याखाली गेलेली, त्यामुळे त्यांनी थापलेल्या शेणीवर चारच बोटं उठायची.

मी चहा घेऊन बाहेर आले. मामांनी कागद माझ्यापुढं सरकवला, पेन माझ्या हातात दिलं, आणि वाकून माझ्या कानाशी काहीतरी बोलले. सोप्यात कुणाला ऐकू गेलं नाही. मागून आत्ती पुन्हा हळूच म्हणाल्या, "पाडवा."

मुदतीच्या रिकाम्या जागेत मी 'बारा वर्षे' लिहिलं. मामांनी खाली सही केली.

चाळीस घरांपैकी एकोणचाळीस घरांनी बारा वर्षं लिहून दिली. एका घरानं पाडवा लिहिला. ती द्वारकाकाकू, कुंभारीण. नवरा वारलेला, भट्टी स्वतः लावायची. "भट्टीला शेणी लागत्यात बाबा, माझं उन्हाळ्यात जमायचं न्हाई," असं चेअरमनच्या तोंडावर सांगून आली. तिला सगळे हसले.

गॅस आला. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी ती निळी ज्योत बघून मी रडले. काडी लावली की पेटायचं. फुंकणी नाही, धूर नाही, डोळ्यात पाणी नाही. आत्ती मात्र आंघोळीचं पाणी चुलीवरच तापवायच्या. गॅसवरच्या भाकरीला चव नसते म्हणायच्या, आणि दोन खायच्या.

पाडवा झाला आणि घोडामैदान जवळ आलं.

चैत्राच्या पहिल्याच आठवड्यात शेण अडीच पाट्यांवर आलं. पुढं दोन. प्लांटवरच्या माणसानं आमची चावी बंद केली. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांची. पंधरा दिवसांत निम्म्या गावाच्या शेगड्या थंड. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण कराराला त्याचं काय. गॅस बंद असला तरी पाटी घालायचीच, नाहीतर करार मोडला, नाहीतर दूध बंद. म्हणजे गॅसही नाही आणि शेणही नाही. मग गावातल्या बायका भर उन्हात डोक्यावर पाट्या घेऊन माळावर जनावरांच्या मागं. शेणाच्या एका पोवटीवर दोघीदोघी तुटून पडायच्या. जन्माच्या मैत्रिणी शेणावरून एकमेकींची आय-माय काढायला लागल्या. आणि ज्यांनी सह्या केल्या ते बापये पारावर बसून पान खात होते. मी रोज त्यांच्या पुढून भरली पाटी घेऊन जायचे. एकानं एकदा विचारलं, "किती जमलं गं?" मी पाटी त्याच्या धोतराजवळ आदळली आणि म्हटलं, "मोजा की. सौदा तुमीच केलासा न्हवं?" त्यानंतर कुणी विचारलं नाही.

मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की वाळलेल्या शेणी भिजवून घालाव्यात. पाटी भरल्याशी मतलब. वाळक्या शेणीतनं गॅस येत नाही हे कुणालाही कळतं, पण प्लांटवरचा माणूस पाटी मोजून घ्यायचा आणि गप्प बसायचा. गावातले हुडवे एकामागून एक फुटले. आमचा मोठा हुडवा महिनाभरात संपला.

वैशाखात एका सकाळी मी पाणी घेऊन आले तर परड्यात मामा हुडवीपुढं उभे. चुन्याची फुली फोडलेली. हौदात पाचपन्नास शेणी भिजत पडलेल्या. आणि आत्ती गोठ्याच्या दारात, दोन्ही हात खाली सोडून.

"ही माझी हुती," आत्ती म्हणाल्या.

"दूध बंद झालं तर खाशील काय?" मामा म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही. "पुढल्या वर्षी पुन्यांदा थाप."

"कुठल्या शेणाच्या?"

मामांनी वर तरंगणारी एक शेणी काठीनं खाली दाबली.

"मी सांगत हुते पाडवा लिवा," आत्ती म्हणाल्या. "तीनदा सांगितलं. बारा का लिवून दिलंसा?"

मामांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. आत्तींकडं नाही, माझ्याकडं. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी घागर तिथंच दाणकन ठेवली.

"माझ्याकडं काय बघताय मामा? तुमी सांगितलं, मी लिवलं. तुमच्या घरात सुनेला तोंड हाय व्हय?"

मामा हौदाकडं वळले आणि काठीनं शेणी ढवळत राहिले. आत्ती त्यांच्याशी त्या दिवसापासून फार बोलल्या नाहीत. मीही नाही. ताट वाढायचं, तांब्या ठेवायचा, निघून यायचं. मला वाटायचं, ह्या माणसानं बायकोचं मरणसुद्धा भिजवून प्लांटात घातलं.

पुढच्या पावसाळ्यात मामांनी हुकूम काढला. उघडीप मिळेल तेव्हा थापायचं, उरलेल्या शेणाची एक शेणी विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, सगळ्या उन्हाळ्यासाठी राखायच्या. घरोघरी तेच. दात कोरून पोट भरायचा तो प्रकार. कोपऱ्यातली जागा रिकामीच राहिली, आत्तींनी तिथं पुन्हा हुडवी रचली नाही. दुपारी मात्र त्या बादलीत गोळाभर शेण घेऊन द्वारकाकाकूकडं जायच्या.

"कुठं आत्ती?" मी एकदा विचारलं.

"तिचं अंगण सारवून देते. एकटी बाई हाय."

मला वाटलं, घरात करमत नाही, गप्पा मारायला जात असतील. मामांनी ती बादली रोज बघितली. पण एका गोळ्यावरून कोण बोलणार.

त्या उन्हाळ्यात, वैशाख संपता संपता, आत्ती गेल्या. सकाळची वेळ. शेण भरून पाटी उचलायला वाकल्या आणि गोठ्यातच बसल्या. मी धावले तोवर डोळे फिरले होते. तोंडात पाणी घातलं ते ओठांतून खाली आलं. हात शेणानं भरलेले होते, मी ते धुतले.

उन्हं वर आली तसं गाव जमलं. तिरडीचे बांबू आले, मडकं आलं. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की शेणी नाहीत, राखलेल्या सगळ्या भिजवून प्लांटात गेल्या. आमच्याकडं नाहीत, शेजारी नाहीत, गल्लीत नाहीत. कुणाकडं वीस, कुणाकडं पंधरा, त्याही अर्ध्या फुटक्या. त्या वर्षीचं गावातलं उन्हाळ्यातलं हे पहिलंच मरण. बापये अंगणात एकमेकांकडं बघत उभे राहिले. चेअरमनही आला होता, पांढरी टोपी घालून.

"ट्रॅक्टर पाठवू या," तो म्हणाला. "तालुक्याच्या वखारीत लाकडं मिळतील. संध्याकाळपातूर यील."

"आनशी लाकडावर?" मामा म्हणाले. एवढंच. खांबाला धरून खाली बसले.

मी आत्तींच्या उशाशी होते. उठून चेअरमनच्या पुढं जाऊन उभी राहिले. डोक्यावर पदर होता की नव्हता आठवत नाही. "तुमच्या प्लांटात हाय की सगळ्या गावाचं शेण," मी म्हटलं. "लावा आमच्या आत्तीला पाईप. बारा वर्षांचा करार हाय, अजून धा वर्षं राहिल्यात. जाळा गॅसवर."

कुणीतरी मला मागं ओढलं. चेअरमन टोपी काढून पुन्हा घालत राहिला. तेवढ्यात फाटकातून द्वारकाकाकू आली. डोक्यावर पाटी, मागं तिची दोन गाढवं, दोन्हींच्या पाठीवर भरलेली पोती. तिनं पाटी अंगणात उतरवली आणि वरचं फडकं काढलं.

"पाचशे चाळीस हाईत," ती म्हणाली. "आणिक दोन खेपा लागतील."

"तुझी भट्टी गं?" एका बाईनं विचारलं.

"भट्टीच्या न्हाईत. भट्टीच्यांस्नी मी हातबी लावला न्हाई. ह्या आनसाच्याच हाईत."

मी पाटीतली एक शेणी उचलली. चार बोटं. दुसरी उचलली. चार बोटं. अख्खी पाटी उलटी केली, सगळ्या चार बोटांच्या. वर्षभर रोज दुपारी, दोन-दोन करून, कुंभारणीच्या छपराखालच्या भिंतीवर थापलेल्या.

"ठेवून घे म्हणाली हुती," द्वारकाकाकू म्हणाली. "म्हटलं, घरी का ठेवत न्हाईस? तर म्हणाली, घरात टिकत न्हाईत."

मामांनी खांबाला डोकं टेकलं आणि लहान पोरासारखे रडले. मला त्यांची दया आली नाही. मनात म्हटलं, रडा आता.

आत्ती आपल्याच शेणींवर गेल्या. कुणापुढं हात पसरावा लागला नाही.

रक्षाविसर्जन झालं त्या दिवशी मी गोठ्यातलं शेण काढलं, पाटी भरली, आणि प्लांटकडं न नेता घराच्या पुढच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला, शेणी थापायला लागले. येणारे-जाणारे बघत होते, बघू दे म्हटलं. मामा दारात येऊन उभे राहिले. चार दिवस पाटी गेली नाही. पाचव्या दिवशी चेअरमन कागद घेऊन आला.

"दुःखाचं घर हाय, मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण केरबाआण्णा, करार करार असतोय. उद्याच्याला पाटी आली न्हाई तर मला दूध बंद करावं लागंल."

"कर बंद," मामा म्हणाले.

"इचार कर. सही तुझी हाय."

"सही माझी हाय. शेण माझं न्हवतं. दुसऱ्याची वस्तू मी कशी लिवून दिली, आन् तू कशी घेतलीस?"

चेअरमन भिंतीकडं वळला. मी हात शेणात घालून उभी होते. "मग हिला इचार की," तो म्हणाला. "अक्षर हिचं हाय. बारा हिनं लिवलंय."

"अक्षर तिचं," मामा म्हणाले. "सांगणारा मी. तिला मधी आणायचं कारण न्हाई."

चेअरमन गेला. दूध बंद झालं. मामा साठाव्या वर्षी सायकलवर किटल्या बांधून तालुक्याच्या हॉटेलात दूध घालायला लागले, रोज अकरा किलोमीटर, आणि मेले त्या वर्षापर्यंत घालत होते. पुढच्या पाडव्यापर्यंत गावातल्या आणखी सोळा घरांनी शेण बंद केलं, मग चेअरमनलाच नवा करार करावा लागला, बायकांना सोप्यात बसवून. लोक अजून सांगतात, शालननं करार मोडला. माझ्या सुना मोठ्या कौतुकानं ऐकतात.

पण त्या श्रावणात पेन हातात देताना मामा माझ्या कानाशी काय बोलले, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मामांनीही सांगितलं नाही, आत्तींना नाही, चेअरमनला नाही, मरताना मी एकटी जवळ असतानासुद्धा त्यांनी तो विषय काढला नाही. ते म्हणाले होते, "मला शेणातलं काय कळतंय? तुमी दोघी काढताय. तू आन् तुझी आत्ती म्हणाल ते लिव, मी सही करतो."

आणि मागून आत्तींचा शब्द मला स्पष्ट ऐकू आला होता. मी भ्याले नव्हते. माझे डोळे चुरचुरत होते, आणि मला बारा वर्षं धूर नको होता.